डावा गाल

माझ्या हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपका आहे, कपाळावर एक आहे आणि डाव्या गालावर तीन आहेत. हनुवटीचा वाकडा आहे, कारण तो गोंदताना मी मान झटकली आणि किंचाळले. कपाळावरचा जरा फाकलाय, कारण तेव्हाही मी रडतच होते. गालावरचे तीन मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. ते गोंदताना मी हसत होते. नाती विचारतात, "आजी, हे कशाला गं काढून घेतलंस?" मी आजवर "तेव्हाची पद्धत होती" असं सांगून वेळ मारून नेली. ते अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं सांगण्याचा मला आता कंटाळा आलाय.

आमचं गाव पुणतांब्यापासून दोन कोसांवर. मी सोळा वर्षांची होते, सातवी करून घरी बसलेली, आणि माझ्या डाव्या गालावर बत्ताशाएवढा एक फिकट डाग होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. गावात पोरांच्या तोंडावर असे डाग पुष्कळ असायचे. पोटात जंत झालेत म्हणायचे आणि वावडिंग उगाळून द्यायचे. मी इतकं वावडिंग प्यायले की पोटात जंतच काय, आतडीही राहिली असतील की नाही, शंका यावी. डाग जागचा हलला नाही. त्याची एक गंमत माझ्या ध्यानात आली होती. रानात काम करताना सगळं तोंड घामानं थबथबायचं, पण तेवढा भाग कोरडा राहायचा. मला तर ते बरंच वाटायचं. तेवढं एक ठिकाण पुसायला नको.

आईला मात्र तो डाग सलत होता. पुढच्या वर्षी मला दाखवायला सुरुवात करायची होती. पोरीच्या तोंडावर डाग म्हटल्यावर येणारे पाहुणे पोहे खाऊन उठून जाणार, हे तिला दिसत होतं. गावच्या जत्रेत गोंदणारी बाई आली, तेव्हा आईने ठरवलं की गालावर मधोमध तीन ठिपके काढून घ्यायचे. बघणाऱ्याची नजर ठिपक्यांवर जाईल आणि डाग मागे राहील. नुसत्या गालावर कसं काढायचं, लोक विचारतील, म्हणून मग हनुवटी आणि कपाळही.

देवळामागच्या लिंबाखाली गोंदणारीण बसली होती. पुढ्यात काजळाची वाटी आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया. भोवती बायकांचा घोळका. हनुवटीला सुई लागली आणि मी अशी ओरडले की दोन पोरी आपली पाळी सोडून पळून गेल्या. कपाळाच्या वेळी आईने डोकं धरलं आणि चुलतीने हात. मग गाल. मी दात आवळून बसले. सुई टोचायची वाट बघत राहिले. वाट बघता बघता लक्षात आलं की गोंदणारीचा हात कधीचा चालू आहे.

"रडंना का गं ही?" कुणीतरी म्हणालं.

"शिकली वाटतं सोसायला."

"लई धीराची हाय पोरगी! गालावर तर जास्त लागतंय."

मी हसले. आयुष्यात पहिल्यांदा चार बायकांत माझं कौतुक होत होतं, आणि ते मला फुकट मिळत होतं. गोंदणारीण मात्र थांबली. तिने सुई जरा बाजूला नेली, पुन्हा टोचली आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "लागतंय का गं?"

"न्हाई," मी तोऱ्यात म्हणाले.

तिने तिसरा ठिपका पुरा केला. उठताना आईला हाताला धरून बाजूला नेलं आणि कानात काहीतरी सांगितलं. आईने तिचा हात झटकला. घरी जाताना आई भराभरा पुढे चालत राहिली, आणि मी वाटेत भेटेल त्याला सांगत गेले की मी गालावर गोंदताना रडले नाही. पुढं सहा-सात महिने गावात माझी तीच ओळख होती. काटा मोडला की पोरी माझ्याकडे यायच्या, ही धीराची हाय, ही काढील म्हणून.

बहात्तरच्या दुष्काळाचं नव्यानं काय सांगायचं. पाटाला पाणी नव्हतं, वावरात काम नव्हतं, म्हणून अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर. मी आणि आई खडी फोडायला होतो. तिथे माझा डावा डोळा कायम लाल असायचा आणि गळायचा. धूळ साऱ्यांच्याच डोळ्यांत जात होती, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

एक दिवस कामावर सरकारी माणूस आला. सायकलवर, खांद्याला पिशवी. मुकादमाने सांगितलं की साहेब सगळ्यांची कातडी तपासणार आहेत. चट्टे बघणारा माणूस आलाय एवढं कळल्यावर बायकांनी पदर ओढले. महारोग हा शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्याकडे तो शब्द उंबऱ्याच्या आत घेतच नसत. आई दगडावर दगड मारायची थांबली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवशी तिच्या तोंडावर पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

ताडपत्रीचा आडोसा केला होता आणि एकेकीला आत बोलवत होते. माझी पाळी आली. माणूस तिशीचा, शिक्षकासारखा मऊ बोलणारा. गालाकडे पाहून म्हणाला, "ताई, घाबरायचं नाही. डोळे मिटा. मी कापसाने शिवेन, तिथं बोट ठेवायचं."

मी डोळे मिटले. त्याने कपाळाला कापूस लावला, मी बोट ठेवलं. हनुवटीला लावला, मी ठेवलं. डाव्या गालाला लावला, तिथेही मी बरोबर बोट ठेवलं. पुन्हा गाल, पुन्हा बरोबर. त्याला नवल वाटलेलं दिसलं. त्याने वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

आता माझी चलाखी सांगते. कापूस मला कळत नव्हता. तो दिसत होता. डावा डोळा मिटला तरी खाली उजेडाची एक फट राहायची, आणि त्या फटीतून त्याची बोटं कुठे जातात ते मी बघत होते. गेले कित्येक महिने ती फट तशीच होती. मला वाटायचं, सगळ्यांचीच राहते. डोळा मिटल्यावर दुसऱ्याला काय दिसतं, हे कोण कुणाला विचारतं?

तो लिहिता लिहिता थांबला. "ताई, डोळे मिटलेत ना?"

"व्हय की."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तो जरा वाकून बघत राहिला. मग त्याने वही माझ्या दोन्ही डोळ्यांवर आडवी धरली. मी बोट उचलून बसले. बसूनच राहिले. बऱ्याच वेळाने वही बाजूला झाली तेव्हा कापूस माझ्या गालालाच टेकलेला होता.

त्याने माझी मान उजवीकडे वळवली आणि डाव्या कानाखाली चाचपून बघितलं. मग माझंच बोट धरून तिथे नेलं. कातडीखाली सुतळीसारखी जाड दोरी हाताला लागत होती. उजवीकडे तशी नव्हती. त्याने आईला आत बोलावलं.

"आई, हा कुष्ठरोग आहे," तो म्हणाला. आईने पदराचा बोळा तोंडात घातला. तो बोलत राहिला. म्हणाला, हा रोग कातडीवर दिसतो, पण त्याचं खरं भांडण आतल्या शिरांशी असतं. रक्ताच्या शिरा नव्हेत; टोचलं, भाजलं हे डोक्याला कळवणाऱ्या आणि डोळा मीट, हात हलव हा डोक्याचा हुकूम खाली पोचवणाऱ्या. गालावरचा चट्टा आणि न मिटणारा डोळा ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. आईला ते उमगेना. तेव्हा त्याने बाहेरच्या कोरड्या रानाकडे हात केला. "तुमच्या वावरातलं पीक वाळलं, तर दोष पिकात असतो का? वरून पाण्याची चारी बुजलेली असते. हिची चारी बुजत चाललीय."

हे मात्र आईला कळलं. पाटाच्या टोकाला आमचं वावर होतं; बुजलेली चारी काय असते ते तिला शिकवायला नको होतं.

"डोळा?" तिने विचारलं.

"असाच उघडा राहिला तर धुळीने, काट्याकुशाने बुबुळ खराब होईल. कळणारही नाही तिला. मग दिसायचं बंद होईल. आत्ता औषध सुरू केलं तर डोळा वाचू शकतो. गालाचं सांगता येत नाही."

"आनि मान्सांत ऱ्हाईल का ही?" आई म्हणाली. तिला विचारायचं होतं ते एवढंच.

"हिच्यापासून कुणाला होणार नाही. गोळ्या मात्र काही वर्षं घ्याव्या लागतील. तालुक्याला बाजाराच्या दिवशी दवाखाना असतो."

संध्याकाळी घरी परतताना मी भडकले होते. मी त्या माणसावर चिडले होते, सुतळीवर चिडले होते, पण सगळ्यात जास्त चिडले होते ते माझं धीराचं बिरुद गेलं म्हणून. सोळाव्या वर्षी अक्कल किती असते, ते यावरून समजा. ओढ्यापाशी आई थांबली. खाली बसली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"गोंदनारीन बोलली हुती. म्हनली, बाई, तुझ्या पोरीच्या गालाला सुई कळंना, मी आशा बाया पायल्यात, दवाखान्यात दाव. मी म्हनलं, तुज्या जिभंला हाड न्हाई. सात म्हैनं झालं. तवा डोळा मिटत हुता तुझा."

मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईने आयुष्यभर पाळलं होतं. त्या मुठीत माझा डोळा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. आज हे शांतपणे लिहिते आहे. तेव्हा मला ती वैरीण वाटली होती.

पाचव्या दिवशी बाजार होता. तिने मला उठवलं, डोक्यावरून पदर असा ओढून दिला की नाकाचा शेंडा तेवढा दिसावा, आणि आम्ही निघालो. दवाखान्याच्या मागच्या पडवीत रांग होती. सगळे पाठ रस्त्याकडे करून उभे. आमचा नंबर आला, डॉक्टरांनी तपासलं, गोळ्यांची पुडी दिली आणि एक पिवळं कार्ड दिलं. कार्ड आईच्या हातात होतं. वळलो तर समोर चुलती. डोक्यावर वांग्यांची पाटी. गोंदताना माझे हात धरले होते तीच ही, आणि गावात दवंडी पिटणाऱ्यापेक्षा हिचा पल्ला मोठा होता.

तिने कार्डाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं.

"कोनाचं गं?"

मी पदर आणखी खाली ओढला. आईने क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"माझं," ती म्हणाली. "पाठीवर हाय. पोरगी सोबतीला आलीया."

पाठ कोण बघायला मागणार होतं! चुलतीने वांग्यांची पाटी सावरली आणि दोन पावलं मागे सरकली. आम्ही गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

आमच्याकडे लग्नाआधी हळद दळतात. पाच सवाष्णी जात्याला आंब्याची पानं बांधून बसतात, आणि गावात कुणाचंही लग्न असलं तरी पहिलं बोलावणं माझ्या आईला असायचं. तिचा गळा चांगला होता आणि तिला ओव्या पाठ होत्या. त्या उन्हाळ्यात आमच्या आळीत तीन लग्नं झाली. एकाही घरून बोलावणं आलं नाही. जात्याची घरघर ऐकू आली की आई चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. वडील एकदा उठले होते, खरं काय ते चावडीवर सांगतो म्हणून. ती म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा. माझं लगीन झालंय. तिचं व्हायचंय." वडील बसले. पुढं त्यांनी चारचौघांत मुद्दाम तिच्या हातचं पाणी मागून प्यायला सुरुवात केली, तेवढंच त्यांच्या हातात होतं.

मला गोळ्या होत्या आणि व्यायाम होता. दिवसातून तीन वेळा, वीस-वीसदा डोळा घट्ट मिटायचा. मी कंटाळा करायचे. आईने त्याला भाकरीची जोड दिली. परातीत थाप पडली की मिटायचा, हात उचलला की उघडायचा. एका भाकरीला वीस थापा सहज होत. आमच्या घरी तीन वेळच्या भाकरी माझ्या पापणीवर थापल्या जात होत्या म्हणा ना. मी टाळाटाळ केली की ती भाकरी अर्धवट ठेवून बसून राहायची. चुलीवर तवा धुपायचा.

"मिट."

"मिटला."

"काय दिसतंय?"

"तुझं बोट. बांगडी."

असं सात-आठ महिने चाललं. मग नुसता उजेड दिसायला लागला, बांगडी दिसेना. उजेडाची रेघ बारीक होत गेली. आणि एके दिवशी, बाजरीची दुसरी भाकरी होती, थाप पडली, मी डोळा मिटला आणि काहीच दिसलं नाही.

"काय दिसतंय?"

"अंधार झाला, आई."

तिने पिठाचे हात तसेच माझ्या डोक्यावर ठेवले. मी सगळा दिवस डोक्यात पीठ घेऊन हिंडले. मला इतका आनंद झाला होता की संध्याकाळपर्यंत मी घडोघडी डोळे मिटून बघत होते, आणि त्यापायी दोनदा उंबऱ्याला ठेचकाळले.

गाल मात्र तसाच राहिला. डाग पुसट झाला, पण शीर एकदा मेली की मेली. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला हेच पुष्कळ. गोळ्या पुढं दोन वर्षं चालल्या. दर बाजाराला आई कार्ड हातात घेऊन, तोंड न झाकता रांगेत उभी राहायची. मी तिच्या मागे, पदराआड.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा नागापूरच्या कारखान्यात कामाला होता. बघायला आला तेव्हा मी आईला न विचारता त्याला परसात गाठून सगळं सांगून टाकलं. फसवून संसार मांडायचा नाही, एवढी अक्कल तोवर आली होती. त्याने ऐकून घेतलं आणि उजवा हात पुढे केला. एका बोटाचं पेर गेलेलं. मी दचकून मागे झाले. तो हसला. म्हणाला, "मशीनमध्ये गेलंय. मला वाटलं, तुम्ही तरी घाबरणार नाही." दोन वर्षं गोळ्या खाऊनही माझ्या मनातली भीती गावापेक्षा वेगळी नव्हती. त्याच्या घरचं त्याने सांभाळून घेतलं.

हळदीच्या दिवशी आमच्या ओसरीवर जातं मांडलं. पाच सवाष्णी जमल्या. चुलती पुढे होती. आई माजघराच्या दारात उभी, हात पदरात गुंडाळून. स्वतःच्या पोरीच्या हळदीला तिने जात्याच्या खुंट्याला हात लावला नाही, आणि लाव असं कुणी म्हटलंही नाही. बायकांना नीट ओवी येईना. दोन ओळी म्हणून अडायच्या. आईला पुढची येत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते.

मला ते सोसवेना. मी पाटावरून उठले. "काकू," मी म्हणाले, "ऐका जरा, आईला—"

आईने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी "आईला पाणी द्या कुणीतरी" असं काहीतरी बरळले आणि खाली बसले. बायका हसल्या. नवरीला काही सुचेना झालंय म्हणाल्या. मी धीराची आहे असं ज्या गावाने ठरवलं होतं, त्या गावासमोर मला एक वाक्य पुरं करता आलं नाही. याची लाज मला आजही वाटते. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, चुलतीही गेली, आणि ते वाक्य मी आत्ता इथे पुरं करते आहे: आईला काही नव्हतं. चट्टा माझा होता.

हळद लावून बायका जेवायला गेल्या तेव्हा आईने माजघराचं दार लोटलं. वाटीत तळाला हळद उरली होती. ती माझ्यासमोर बसली आणि बोटांनी निपटून माझ्या तोंडाला लावू लागली.

"मी सांगनार हुते," मी म्हणाले.

"सांगितलं असतंस तर थोबाडीत दिली असती."

"दे की. आता दे."

"उजव्या गालावर," ती म्हणाली. "डाव्यावर मारून माझाच हात दुखायचा."

मला हसू फुटलं. तीही हसायला लागली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून. हसता हसता मला रडू आलं आणि मी डोळे मिटून घेतले, दोन्ही, घट्ट. उजव्या गालावर तिची बोटं फिरताना कळत होती, मग तिथली थांबली. डाव्या गालावर तिचा हात त्यानंतर किती वेळ होता, ते मला कधीच सांगता येणार नाही.